एक दिसला की पुरे

…पट्टी निघाली, पण तिचा डिंक काही निघाला नाही. कोपराच्या खळग्यात, जिथं सुई गेली होती तिथं, तो चिकट गोल तसाच राहिला होता, आणि आता त्याच्या कडेनं धूळ बसून बारीक काळी रेघ उमटली होती. गोलाच्या आत कातडी हिरवट-पिवळी. न्हाणीच्या दारात उभी राहून दीपमाला हात उजेडाकडे वळवून बघत होती, आणि बघता बघता तिनं डावा डोळा मिटून घेतला. हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःची चीड आली. मायक्रोस्कोपमध्ये बघताना दोन्ही डोळे उघडे ठेवावेत, नाहीतर संध्याकाळी डोकं धरतं, असं ती नव्या पोरींना घसा फोडून शिकवायची, आणि स्वतः मात्र सगळी नोकरी डावा डोळा मिटून काढली. आता निवृत्त होऊन इतके दिवस झाले तरी गोल दिसला की तो डोळा आपणहून मिटतो. सवयीचं असंच असतं, माणूस घरी बसतो आणि ती कामावर जात राहते.

"अवं, झालं का तुझं? खुशबूची गाडी लाखनीवरून निघाली म्हणे!" बाहेरून संघपालचा आवाज आला. नागपूरहून परतल्यापासून त्याचा आवाज असाच होता — लग्नघरातल्या माणसाचा. पाटबंधारे खात्यात जन्मभर मान खाली घालून कारकुनी केलेला हा माणूस, पण बायकोच्या रक्ताचा निकाल आला आणि त्याची छाती अशी फुगली की जणू तोच परीक्षेत पहिला आला होता. तीनच! पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर सांगून झालं, शेजारच्या कौशल्याबाईंना सांगून झालं, भंडाऱ्यातून पेढे आणून सगळ्या आळीत वाटून झाले. तीन म्हणजे काय, कशाच्या तीन, हे ज्यांना कळलं नाही त्यांनीही पेढे घेतले. कौशल्याबाई तर म्हणाल्या, तीन मुली होत्या आमच्या नणंदेला, तसं काही आहे का? आणि संघपाल हसला. खळखळून हसला… दीपमाला दारातून त्याच्याकडे बघत होती. या माणसाला आपण काय सांगणार? काही सांगायचंच नाही. त्याला हसू दे.

पण खुशबूला सांगायचं होतं. खुशबू आज येणार होती आणि आईच्या तोंडून ऐकायला येणार होती, आणि दीपमालाच्या तोंडात निकाल लागल्या दिवसापासून दोनच शब्द तयार होऊन बसले होते. ते शब्द तिनं कुणापुढे काढले नव्हते. स्वतःशीसुद्धा पुरते उच्चारले नव्हते. ते जिभेच्या मुळाशी होते, आणि ती जेवत होती, पाणी पीत होती, गोळ्या गिळत होती, सगळं त्यांच्या वरून आत जात होतं.

ती चौकात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. खुशबूला चिन्नोरचा भात आवडतो, आणि आता तर तिला दुसरा कसलाच वास सहन होत नाही असं ती फोनवर म्हणाली होती. तिसरा महिना. सूप हलवलं की दाणे सरकतात, आणि डोळे आपले शोधायला लागतात — पांढऱ्यात पांढरं नसलेलं. एक खडा. काढला. अजून एक… पाठीच्या मणक्यात, खाली, जिथं मागच्या हिवाळ्यात डाग निघाला, तिथून कळ वर चढली आणि तिनं भिंतीला टेकून घेतलं. छातीतली गाठ काढून झाली होती, सगळं संपलं असं सगळे म्हणाले होते, तीही म्हणाली होती. मग हा मणका. इथून तिथं गेलं कसं? चालत तर गेलं नाही. रक्तातून गेलं.

रक्तातूनच जातं, असं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं होतं. केवढीशी पोरगी ती, खुशबूपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, पण समजावून सांगायची. गाठ कुठंही असो, तिच्यातल्या काही पेशी सुटतात आणि रक्तात फिरत राहतात. बहुतेक मरतात. एखादी कुठंतरी जाऊन बसते. आता नवी तपासणी निघाली आहे, एक नळीभर रक्त घ्यायचं, आणि त्यातल्या अब्जावधी पेशींतून ह्या भटक्या शोधून मोजायच्या. त्यावरून आजार पुढं कसा चालेल याचा अंदाज बांधता येतो. नळी मुंबईला गेली होती. "पाच किंवा पाचाच्या वर असत्या तर मला काळजी वाटली असती," त्या म्हणाल्या होत्या, "गोळ्या बंद करून सलाइन सुरू करावं लागलं असतं. तुमच्या तीनच आहेत. पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही, ते खोटं होईल. पण वेळ आहे, आणि बराच असू शकतो." संघपालनं तिथंच हात जोडले. आणि दीपमालानं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः पाह्यल्या का त्या?"

डॉक्टरीणबाई जरा चमकल्या. असं कुणी विचारत नसावं. "नाही हो, ते मशीन करतं, फोटो काढतं. मग तिथले लोक तपासतात."

"दिसतात कशा?"

"रंग देतात त्यांना. मग त्या चमकतात."

चमकतात… खोलीत पंखा होता, संघपाल काहीतरी विचारत होता, गोळी जेवणाआधी की नंतर असलं काहीतरी, आणि दीपमालाला ते ऐकू येत होतं आणि ती तिथं नव्हती. ती जंगलाच्या कडेच्या त्या लांबट इमारतीत, खिडकीजवळच्या आपल्या टेबलाशी बसली होती, डावा डोळा मिटून, आणि गोलाच्या आत, करड्या पाण्यात, ते होतं. तांदळाच्या कणीसारखं लांबट, पण काचेचं. जागच्या जागी थरथरणारं. चमकणारं.

टसर रेशमाच्या अळीचं बीज, म्हणजे अंडी, तयार करण्याचं सरकारी केंद्र होतं ते. आंधळगावच्या मागांवर जो कोसा विणला जातो तो शेवटी कुठल्यातरी ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर पाळलेल्या अळीचा असतो, आणि ती अळी कुठल्यातरी अंड्यातून आलेली असते, आणि ते अंडं निरोगी आहे असं कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायचं काम दीपमालाचं. पेब्रीन नावाचा रोग आहे, अळ्यांचा. लागला की अळ्यांच्या अंगावर काळे ठिपके पडतात, त्यांचं खाणं सुटतं. आणि तो आईकडून अंड्यात जातो. अंड्यात बघून काही कळत नाही, अंडं नुसतं अंडं दिसतं. म्हणून आईत बघायचं. मादी पतंग — केंद्रात सगळे तिला पाखरूच म्हणायचे — अंडी घालून मोकळी झाली की तिच्यातला एक थेंब काचेखाली तपासायचा, आणि त्या एका थेंबात रोगाचा तसला एकजरी कण चमकताना दिसला तर तिची सगळी अंडी जाळायची. एक दिसला की पुरे. दोन दिसले तरी तेच, शंभर दिसले तरी तेच. मोजायचं नसतंच मुळी.

ढिवर लोक यायचे बीज घ्यायला, जंगलात कोसा पाळणारे. त्यांतला मंगरू तिला अजून जसाच्या तसा आठवतो — खांद्यावर गमछा, ओसरीत उकिडवा बसलेला, आणि आपल्या कोशांतून निघालेल्या एका मादीवर त्याचा भारी जीव जडलेला. एवढी मोठी, एवढ्या पंखांची मादी त्यानं कधी पाहिली नव्हती म्हणे. तिची अंडी त्याला हवी होती. दीपमालानं थेंब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि बाहेर येऊन मान हलवली.

"किती दिसले जी, बाई?"

"एक."

"एकच त आहे नं जी मंग!" मंगरूचा चेहरा खुलला होता. त्याला खरंच वाटलं होतं की ही चांगली बातमी आहे.

आणि तिनं त्याला सांगितलं होतं, रागानं नाही, समजावून, लहान पोराला सांगावं तसं: मंगरूभाऊ, जो दिसला तो एक. न दिसलेले किती, कोणाला ठाऊक? मी काय सगळं पाखरू पाह्यलं का? एक थेंब पाह्यला… मंगरू उठला आणि गमछा झटकून निघून गेला. ती नियमानं वागली होती. आजही तीच मादी समोर आली तर ती तेच करेल.

तीनच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा मंगरूसारखा खुलला होता.

एक नळी पाहिली त्यांनी. अंगात पाच लिटर रक्त असतं, नळीत असतं दोन चमचे, आणि कारकुनाच्या घरात हिशेब करायला काही शिकवावं लागत नाही. येताना बसमध्ये खिडकीशी बसून तिनं तो हिशेब मनात मांडला होता, आकडा हजारांत गेला, आणि तिनं तो पुसून टाकला. पुन्हा मांडला, पुन्हा पुसला. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा संघपाल म्हणाला होता, पाणी चांगलं आहे यंदा. तीही म्हणाली होती, हो, चांगलं आहे.

स्वतःचं तिला फार काही वाटलं नव्हतं, हे खरं. भीती वाटली, का नाही वाटणार, पण ती ओळखीची भीती होती, छातीच्या ऑपरेशनपासून घरात राहणारी. खरी धडकी वेगळीच होती. चमकतात हा शब्द कानावर पडला आणि तिच्या मनात पहिलं जे आलं ते मी नव्हतं, मणका नव्हता, मरण नव्हतं. अंडी आली. जी आधीच घालून झालेली असतात, एका बाजूला वाडग्यात ठेवलेली असतात, आणि ज्यांचा निकाल आईवरून लागतो… खुशबू. आणि खुशबूच्या पोटातलं ते, ज्याची बातमी तिनं आधल्याच आठवड्यात लाजत लाजत फोनवर दिली होती.

हे खोटं आहे हे तिला माहीत होतं. कुणी तिला अडाणी समजू नये. तिनं स्वतः विचारलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार असा रक्तातून मुलीला जात नाही, घराण्यातून येतो का याची वेगळी तपासणी झाली होती आणि तीही स्वच्छ निघाली होती. रोग वेगळा, जीव वेगळा. माणूस म्हणजे पाखरू नव्हे. डोक्याला सगळं कळत होतं. पण डोळा… डोळ्याला कोण समजावणार? सगळी उमर त्या डोळ्यानं एकच गोष्ट शिकली होती की आईत दिसलं म्हणजे अंड्यात आहे. त्या डोळ्याच्या भरवशावर किती गावांनी जंगलात अळ्या सोडल्या, किती घरांत चूल पेटली. तो कधी चुकला नाही. मग आता चुकतोय असं कसं म्हणायचं, केवळ आपली पोटची पोर आहे म्हणून? पोटच्या पोरीसाठी नियम बदलणारी बाई आपण नव्हतो कधी.

ठेवू नको. हे ते दोन शब्द होते.

तिनं सूप खाली ठेवलं. तळहाताला घाम आला होता आणि त्याला तांदळाचे दाणे चिकटले होते. माझ्या मनात असं येतंच कसं? कुठली आई असं म्हणते? भिंतीवरच्या तसबिरीतले बुद्ध नेहमीसारखे डोळे अर्धे मिटून बसले होते, आणि तिला त्यांच्याकडे बघवेना. ती उठली, सावकाश, आधी एक गुडघा मग दुसरा, आणि तांदूळ धुवायला आत गेली. संघपालला तिनं सांगून पाहिलं होतं, पोरीला या दिवसांत हायवेनं बोलावू नका, ट्रकांची केवढी ती वर्दळ, गाडी आदळते. "येऊ दे नं! आनंदाची गोष्ट आहे!" तो म्हणाला होता.

बाहेर स्कूटर थांबली. संघपाल पुलावरून लेकीला घेऊन आला होता.

खुशबू वाळली होती. गालाची हाडं वर आली होती, आणि पिवळ्या सलवारीत ती शाळेत जायची तेवढीच दिसत होती. ती आली, चपला काढल्या, आईला धरून उभी राहिली, पण गळामिठी नाही मारली, ऑपरेशनच्या बाजूला धक्का लागू नये म्हणून एका अंगानं टेकली. अजून लक्षात ठेवते पोरगी. संघपालला कुठं बसवू नि कुठं नको असं झालं होतं. त्यानं पाणी दिलं, पंखा लावला, पेढा दिला, पेढ्याच्या वासानं तिला मळमळलं तेव्हा पेढा परत घेतला, आणि शेवटी "मी मासोळ्या पाहून येतो, ढिवरांचे डोंगे लागले असन," असं म्हणून पिशवी घेऊन निघून गेला. मासोळीचा वास तिला चालतो का हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

मग घरात दोघीच उरल्या. कुकरची शिट्टी अजून व्हायची होती.

"आई, तू फोनवर काहून नाही बोलली?"

"बोलली त."

"नुसतं 'हो' अन् 'बरं', हे काय बोलणं असते का?"

दीपमालानं पदरानं ओटा पुसला. ओटा स्वच्छ होता.

"बाबा सांगून राहिले, तीन म्हणजे चांगलं आहे," खुशबू म्हणाली. "डॉक्टरीणबाई पण तेच म्हणते. घरी अतुल म्हणते, आता कायची काळजी. पण मी त्याहिले नाही विचारत. मी तुले विचारून राहिली. तू पाहत होती."

"ते पाखरं होते, खुशबू."

"मले माहीत आहे. सायन्स शिकली मी. सगळं वाचलं पण. वाचलं की डोकं म्हणते, काही नाही होत…" ती थांबली. तिचा हात पोटाशी गेला होता, आणि तो तिथं गेलाय हे तिला कळलं नव्हतं. "पण मले ते वाडगे दिसते, आई. रविवारी तू मले घेऊन जाय ना केंद्रात? तू एक दिसला तरी सगळे जाळत होती. मी तुले विचारलं होतं, अंड्यानं काय केलं? तुले आठवते?"

आठवत होतं. सहा-सात वर्षांची असेल, टेबलाला हनुवटी लावून उभी. अंड्यानं काही नाही केलं, दीपमालानं उत्तर दिलं होतं, आणि काडी ओढली होती. म्हणजे ही पोर तेव्हापासून हे घेऊन फिरते आहे! आपल्याला वाटलं, आपण एकटीच. आपल्याला वाटलं, डोळा आपला आहे. आणि इथं आपण तो तिलाही देऊन ठेवलाय, शिकवला नाही, बोट धरून दाखवला नाही, नुसता कामावर नेऊन दिला. रक्तातून काही गेलं नसेल. हे मात्र गेलं. दीपमालाला खाली बसावंसं वाटलं आणि ती बसली, तिथंच, ओट्याच्या बाजूला, जमिनीवर.

खुशबूही समोर बसली. तिनं आवाज खाली आणला, जणू घरात कुणी ऐकेल.

"माझ्यात पण असंल का ते? अन् याच्यात? तू खरं सांग. तू म्हणशील राहू देऊ नको, त मी अतुलले समजावीन. भांडीन, पण समजावीन. मले बाकी कोणाचं नाही पटत, आई. तू सांगशील ते मी करीन."

शब्द तयार होते. इतके तयार की तोंड उघडलं असतं तर आपोआप पडले असते. दीपमालानं दात घट्ट मिटले. समोर पोरीचे डोळे होते, आणि ते ओसरीत बसलेल्या माणसाचे डोळे होते, बाहेर येणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे लागलेले. दीपमालाला एक थेंब हवा होता. काच हवी होती. न बघता ती कधी काही बोललीच नव्हती… बघूया, ती मनाशी म्हणाली, नीट बघूया, पहिल्यापासून. मादी अंडी घालते. मग ती दमते, पंख फाटलेले असतात, हातात घेतली तरी फडफडत नाही, बोटाला धरून बसते. मग कात्री. पोट कापून खलात घालायचं, औषधी पाण्याचे थेंब टाकायचे, बत्त्यानं रगडायचं. चांगलं रगडायचं, आत काही राहता कामा नये. मग थेंब. मग काच. मग डोळा.

आधी खल, मग काच. कधी उलटं नाही. उलटं करायची सोयच नव्हती.

मनात ती पुन्हा त्या खलापाशी आली, आणि पुन्हा तिथंच अडली. इतक्या माद्या पाहिल्या, उन्हाळ्या-पावसाळ्यात टेबलावरून डोकं वर काढलं नाही, त्यांतल्या कित्येक निरोगी निघाल्या, स्वच्छ, काहीही न चमकणाऱ्या, आणि त्याही मेलेल्याच होत्या. ज्यांच्यात दिसलं त्याही मेलेल्या. बघून झाल्यावर उठून गेलेली एकही तिनं पाहिली नव्हती. आणि इथं… सुई निघाली, तिनं कापूस दाबून धरला, बाहेर येऊन चहा घेतला, बसमध्ये खिडकी पकडली. तिच्यातलं काहीतरी मुंबईत कुणी काचेखाली धरून मोजत होतं, तेव्हा ती इथं कारध्यात भाजी फोडणीला घालत होती. दिसलं होतं. तीन दिसले होते. आणि ती होती. या जागेवर, दिसल्यानंतरच्या या जागेवर, ती कुणालाच ओळखत नव्हती. इथलं काही तिनं शिकलेलं नव्हतं, आणि इथं काय होतं हे सांगायला तिच्या डोळ्यापाशी काही नव्हतं.

"खुशबू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परका वाटला. "आमच्या इथं आधी मारत होते. मंग पाहत होते."

"हाव, मले माहीत आहे."

"नाही. आयक. पाहून झाल्यावर जिती राह्यलेली मी एक पण नाही पाह्यली. एक पण नाही. त पुढं काय होते, मले माहीतच नाही. मी कधी पुढचं पाह्यलंच नाही, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे मले नाही सांगता येत."

"तुले पण नाही माहीत?"

"नाही."

पोरीच्या चेहऱ्यावर आधी राग आला. खरा राग, लहानपणी जत्रेत हात सुटला होता तेव्हाचा. "एवढ्या लांबून आली मी. उलट्या करत आली, आई, रस्त्यानं. अन् तू म्हणते माहीत नाही!" मग ती रडायला लागली, तोंड न झाकता, आणि दीपमालानं तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. उगी म्हणावं असं तिला वाटलं, पण ती उगी म्हणाली नाही. काही होत नाही, असंही म्हणाली नाही, कारण ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती केसांतून हात फिरवत राहिली. केस घामेजलेले होते, त्यांना बसच्या धुराचा वास होता.

कुकरची शिट्टी झाली. चिन्नोरच्या भाताचा वास घरभर पसरला आणि खुशबू रडता रडता थांबून हुंगायला लागली, आणि पुन्हा रडली, आता हळू. भूक लागली असावी तिला. उठायला हवं होतं, गॅस बारीक करायला हवा होता. मांडीवर डोक्याचं ओझं होतं आणि मणक्यातली कळ जागची हलली नव्हती, ती जाणार नव्हती, आज नाही आणि बहुधा कधीच नाही, हे दीपमालाला पक्कं ठाऊक होतं. पण जिभेच्या मुळाशी तिनं चाचपून पाहिलं, तर तिथं ते दोन शब्द नव्हते. त्यांच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं, धीर नाही, आशा नाही, काही नाही. तोंड कोरडं होतं. तिला भीती वाटत होती, आधीपेक्षा जास्त वाटत होती, कारण आधी निदान निकाल तरी होता. आता निकाल नव्हता आणि दुपार पुढं पडली होती, उघडी, केवढीतरी लांब, आणि त्या दुपारीत जिवंत असलेल्या बाईनं काय करायचं असतं हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं.